गजाला बाकावर का बसवलं

बास्केटबॉलच्या कोचला खेळ शिकवावा लागतो, असा लोकांचा समज आहे. मी हे काम जन्मभर केलं आणि त्यात खेळ शिकवण्यात गेलेला वेळ फार थोडा. बाकीचा सगळा वेळ रुसवे काढण्यात गेला. एकाला सात नंबरचाच बनियन पाहिजे. दुसऱ्याला आधीच्या मॅचमध्ये कोणी चेंडू दिला नाही म्हणून तो बूट घालून बसून राहतो, पण मैदानात उतरत नाही. तिसऱ्याची आई येऊन सांगते की संकष्टीला त्याला पळवू नका. आणि ही झाली साधी पोरं. साधा खेळाडू सांगितलेलं ऐकतो, कारण त्याला आपली गरज असते. मोठ्या खेळाडूच्या बाबतीत गरज आपल्याला असते, आणि ही गोष्ट आपल्याआधी त्याला कळलेली असते.

माझ्या वाट्याला असा मोठा खेळाडू एकच आला. गजानन सावंत, डिलाईल रोडचा गजा. त्याच्यापायी मी जेवढा वैतागलो तेवढा पुढे कोणापायी वैतागलो नाही, आणि त्याच्याविषयी मला जेवढं विचारलं गेलं तेवढं दुसऱ्या कशाविषयीही नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

आमची कंपनी माझगावला, गोदीला लागून. जहाजांची दुरुस्ती हा धंदा. साहेब लोक इंग्रज, आणि त्यांना खेळाचा भारी नाद. गोदीच्या आसपासच्या कंपन्यांची दरवर्षी बास्केटबॉलची स्पर्धा व्हायची आणि जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या ढालीसाठी साहेब लोक एकमेकांशी बोलायचे बंद होत. मी गिरगावातला. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कारकून. मीही कंपनीत टाइमकीपर म्हणून चिकटलो. शाळेत असताना हा खेळ खेळलो होतो, एवढ्या भांडवलावर वर्क्स मॅनेजर हॉब्स साहेबाने टीम माझ्या गळ्यात बांधली. सकाळी लोकांची हजेरी घ्यायची आणि संध्याकाळी पोरांना पळवायचं. चांगला खेळणारा दिसला की त्याला कंपनीत टेंपररी लावून घ्यायचं, खेळ बरा झाला की कायम करायचं, अशी पद्धत होती. म्हणजे पोराचा खेळ बिघडला तर घरची चूल बिघडणार, हे ओझंही कोचच्याच डोक्यावर.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एका बाजूला पाच जण. चेंडू हातात घेऊन पळता येत नाही. जमिनीवर आपटत न्यायचा, नाहीतर सोबत्याकडे फेकायचा. दोन्ही टोकांना उंचावर लोखंडी कडी आणि तिला जाळी. त्यात चेंडू पडला की गुण. धक्काबुक्की केली की फाउल, आणि पाच फाउल झाले की तो खेळाडू बाहेर. बस्स. गंमत एवढीच की चेंडू माणसापेक्षा जोरात धावतो. जी टीम चेंडूला धावायला लावते ती जिंकते. हे वाक्य मी पोरांना रोज ऐकवायचो. सगळे मान हलवायचे. गजाही हलवायचा, आणि लगेच चेंडू घेऊन एकटा निघायचा.

गजाला मी पहिल्यांदा पाहिला तो डिलाईल रोडवरच्या कोकणी चाळीच्या गणपतीच्या मंडपात. शिडी न घेता कमानीला तोरण बांधत होता. एवढा उंच माणूस कोकणात कुठे तयार झाला, असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाला, आमच्या घरात सगळे बुटकेच आहेत, मीच असा निघालो. वडील गिरणीत होते. कापसाच्या धुळीने छाती गेली आणि घरी बसले. आई, दोन धाकट्या बहिणी, आणि हा. मी हॉब्स साहेबाला सांगून त्याला स्टोअरमध्ये चिकटवला. सहा महिन्यांत तो असा खेळायला लागला की बाहेरच्या टीमची पोरं आपली मॅच नसली तरी त्याला बघायला येऊन बसत. हवेत उडाल्यावर तो क्षणभर तिथेच थांबायचा. मी आजही सांगतो, असा खेळाडू मी नंतर पाहिला नाही.

आणि असा छळही कोणी मांडला नाही. प्रॅक्टिसला उशिरा यायचं, आल्यावर हसायचं, त्यामुळे रागावताही यायचं नाही. चेंडू एकदा त्याच्या हातात गेला की तो परत यायचा नाही. बाकीचे चौघे हळूहळू पळायचेच थांबले. चेंडू मिळाला की गजाला द्यायचा आणि कमरेवर हात ठेवून बघत राहायचं. कप्तान होता पास्कल, माझगावातलाच, तिथल्या गावठाणातला ख्रिस्ती. बुटका, तुरुतुरु पळणारा आणि जिभेचा तिखट. तो मला म्हणाला, "सर, आम्ही चौघं तिकीट काढून आत येतो आता. बघायचंच आहे तर रांगेत तरी उभे राहतो." मी गजाला बाजूला घेऊन समजावलं. रागावलो. चार दिवस गोड बोलून पाहिलं. तो म्हणायचा, "मास्तर, मी टाकला तर पडतो. त्यांनी टाकला तर पडत नाही. मग देऊ कशाला?" याला उत्तर होतं, पण ते हरल्याशिवाय पटत नाही आणि गजामुळे आम्ही हरत नव्हतो.

हे सगळं संयुक्त महाराष्ट्राच्या वर्षांत चाललं होतं. तेव्हाची मुंबई ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. गिरणगाव पेटलेलं होतं. गोळीबार झाले, माणसं गेली. आमच्या गिरगावातही अंगणात, जिन्यात, नाक्यावर दुसरा विषय नव्हता. मीही चौपाटीच्या सभांना जायचो, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचो. मुंबई महाराष्ट्राचीच, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. पण कोच म्हणून त्या वर्षी माझे जे हाल झाले ते झाले. हरताळ पडला की अर्धी टीम यायची नाही. एकदा तर बंदोबस्ताला आलेली पोलिसांची लॉरी आमच्या कोर्टाच्या मधोमध उभी राहिली आणि आठवडाभर हलेना. हलली तेव्हा सिमेंटवर तेलाचं एवढं मोठं डबकं सोडून गेली. आम्ही त्यावर राख टाकून खेळलो.

स्पर्धा सुरू व्हायच्या सुमाराला डिलाईल रोडवरून सत्याग्रहींची एक तुकडी निघायची होती. गजा सकाळी मला म्हणाला, चाळीतले दोघे आहेत, त्यांना हार घालून निरोप देतो आणि संध्याकाळी प्रॅक्टिसला येतो. संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की हार घालायला गेलेला माणूस तुकडीबरोबर चालत गेला, उंच म्हणून कोणीतरी फलक त्याच्याच हातात दिला, पोलिसांनी पहिला त्यालाच धरला, आणि कोर्टात माफी मागायला साफ नकार देऊन तो तुरुंगात जाऊन बसला. सुट्टी काढलेली नाही, कोणाला सांगितलेलं नाही. नोकरी टेंपररी.

मी त्याच्या घरी गेलो. वडील भिंतीला टेकून खोकत होते. आई चुलीपुढून उठली नाही. मला वाटलं होतं ती रडेल, पण ती माझ्यावरच उखडलेली होती. म्हणाली, "मास्तरानू, तुमी त्येका खेळाक व्हरतास, ते जेलात व्हरतत. घराक कोण हाडतलो त्येका?"

त्याला घरी परत आणणं माझ्या हातात नव्हतं. मी म्हटलं, त्याची नोकरी जाणार नाही असं बघतो. हे मी कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे. हॉब्स साहेब आदल्याच दिवशी म्हणाला होता की राजकारण करणाऱ्यांना या कंपनीत जागा नाही.

आता उरलेल्या पोरांना घेऊन मला स्पर्धा खेळायची होती. उंच असा कोणीच नव्हता. मी एकच नियम केला: चेंडू पाचही जणांच्या हातून गेल्याशिवाय कडीकडे बघायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी असा गोंधळ घातला की पास्कलने स्वतःच्याच माणसाच्या नाकावर चेंडू मारला. पण हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. पोरं पुन्हा पळायला लागली. ओरडून एकमेकांना हाका मारायला लागली. चेंडू इकडून तिकडे असा फिरायचा की समोरच्यांना मान कुठे वळवावी ते कळेना. पहिली मॅच जिंकलो, मग सेमीफायनलही जिंकलो, तीही आमच्यापेक्षा वीतभर उंच असलेल्या टीमशी. मी इतकी वर्षं जे वाक्य बडबडत होतो ते पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होतो.

आणि फायनलच्या सकाळी गजा सुटला.

डिलाईल रोडवर त्याची लेझीम-ताशाने मिरवणूक निघाली आणि मिरवणूक संपवायची कशाला म्हणून ती तशीच माझगावला आमच्या कोर्टावर आली. गजाच्या केसांत गुलाल, गळ्यात झेंडूचे हार, आणि मागे अख्खी चाळ. तुरुंगात तो निम्मा झाला होता. पण हसला तसाच. म्हणाला, "मास्तर, बनियन द्या."

मी त्याला कोपऱ्यात नेलं. म्हटलं, "आज तू बाकावर बसायचंस. लागलं तर बोलवीन."

त्याचं हसू गेलं. "साहेबाने सांगितलं?"

"कोणी सांगितलं नाही. ही पोरं आता एकमेकांना चेंडू देतात. तू आत आलास की पुन्हा तुझ्याकडे बघत उभी राहतील. आणि तुझी प्रॅक्टिसही नाही."

"म्हणजे साहेबानेच सांगितलं," तो म्हणाला, आणि जाऊन बाकावर बसला.

इतक्यात चाळीतले एक पुढारी आले आणि मला हात जोडून म्हणाले की गजाला पहिल्यापासून उतरवा, तो आमचा सत्याग्रही आहे, लोक त्याच्यासाठी आलेत. मी त्यांना सांगितलं की सत्याग्रही आहे म्हणून उतरवणार नाही आणि सत्याग्रही आहे म्हणून बसवलेलाही नाही. ते म्हणाले, "कळलं." त्यांना काय कळलं ते त्यांच्या तोंडावर दिसतच होतं. ते गेले तोच हॉब्स साहेब आला. त्याने गजाला बाकावर पाहिलं, माझ्याजवळ येऊन माझा हात हातात घेतला आणि इंग्रजीत म्हणाला की तुझ्याकडून हीच अपेक्षा होती. मी सांगायला तोंड उघडलं तर रेफरीने शिट्टी वाजवली.

मॅच रंगली. पोरं ठरल्याप्रमाणे खेळत होती आणि मध्यंतराला आम्ही बरोबरीत होतो. पण ती मॅच बघत होतं कोण? लोकांचं लक्ष बाकाकडे. गजाच्या नावाच्या घोषणा, मध्ये मध्ये 'झालाच पाहिजे'च्या घोषणा, आणि मग दोन्ही एकत्र झाल्या. आमच्या पोरांनी जाळीत चेंडू टाकला तरी कोणी टाळी वाजवेना. आपल्याच कोर्टावर परक्यासारखं खेळत होती बिचारी. माझ्या पाठीला कोणीतरी शेंगांची टरफलं मारत होतं.

खेळ संपायला थोडाच वेळ राहिला असताना पास्कलचा पाचवा फाउल झाला. बाहेर येताना तो मला म्हणाला, "आता टाका त्याला. निदान हा आरडाओरडा थांबेल."

मी गजाला उठवलं. म्हटलं, "एकच सांगतो. दोघे अंगावर आले की तिसरा मोकळा असतो. त्याला शोध." त्याने हार काढून बाकावर ठेवले आणि तो आत गेला. असा कल्लोळ उठला की रेफरीची शिट्टी ऐकू येईना.

गेल्या गेल्या त्याने एकदा चेंडू टाकला, पडला. समोरच्यांनी टाकला, तोही पडला. शेवटचे काही सेकंद, आम्ही एका गुणाने मागे आणि चेंडू आमच्याकडे. तो गजाच्या हातात आला. सगळ्या मैदानाला ठाऊक होतं आता काय होणार. समोरच्यांनाही. दोघे त्याच्यावर धावले, तो उडाला, हवेत नेहमीसारखा थांबला, आणि न बघता त्याने चेंडू खाली दिला. कडीखाली आमचा विनायक एकटा उभा होता. त्याच्या आसपास कोणी नव्हतं. इतका सुंदर पास मी जन्मात पाहिला नाही, आणि तो दिला होता गजाने.

विनायकने टाकला. चेंडू कडीवर आपटला, फिरला, आणि बाहेर पडला.

हरलो.

त्यानंतर मला जे ऐकावं लागलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. गजाला बसवून ठेवला म्हणून हरलो, हे एक. शेवटी उतरवलं तेव्हा त्याला चेंडू द्यायला लावला, तो स्वतः टाकता तर जिंकलो असतो, हे दुसरं. साहेबाचा हस्तक, हे तिसरं, आणि ते पुढे कित्येक वर्षं चिकटून राहिलं, पार गिरगावापर्यंत. विनायक बिचारा बूट न काढता रडत बसला होता. पास्कल म्हणाला, "सर, पुढच्या वेळी हरायचंच असेल तर गजाला पहिल्यापासून खेळवा. लोक खूश तरी होतील." गजा जाताना फक्त माझ्यासमोर थांबला. "मास्तर, मी पास दिला," एवढंच म्हणाला. मी "बघितला" म्हटलं. त्याला आणखी काहीतरी हवं होतं, पण मागून त्याच्या लोकांनी त्याला उचलला आणि घेऊन गेले.

दोन दिवसांनी हॉब्स साहेबाने मला बोलावलं. म्हणाला, सावंतला काढून टाकायचं माझ्या मनात होतं. पण तू त्याला त्याच्याच लोकांसमोर बाकावर बसवलास, ढाल गेली तरी बसवलास. ही शिक्षा पुरेशी आहे. समज देऊन ठेवून घेतो.

आता मी काय करायला हवं होतं? साहेब, ती शिक्षा नव्हती, ती बास्केटबॉलची गोष्ट होती, असं सांगितलं असतं तर माझी मान ताठ राहिली असती आणि गजा घरी बसला असता, खोकणाऱ्या बापाशेजारी. मी "येस सर" म्हणालो आणि बाहेर आलो. आजही मला त्याचं काही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. पण त्या दोन शब्दांनी माझं तोंड कायमचं बंद झालं. गजाला खरं सांगावं तर ते संध्याकाळपर्यंत डिलाईल रोडभर होणार आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत पोचणार. म्हणून गप्प बसलो.

गिरगावात आमच्या शेजारच्या खोलीत अण्णा राहायचे. सकाळचं वर्तमानपत्र त्यांचं वाचून झालं की गॅलरीतून माझ्याकडे यायचं; वर्षानुवर्षांची रीत. ते यायचं बंद झालं. अण्णा तोंडाने कधी एक शब्द बोलले नाहीत. मी चौपाटीला सभेला गेलो तर ओळखीची माणसं जरा सरकून बसायची. राज्य झालं त्या दिवशी आमच्या वाडीत पेढे वाटले. मलाही दिले, पण हातावर ठेवणाऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्या पेढ्याची चव मला लागली नाही. वैताग याचाच यायचा की ज्या गोष्टीसाठी मी सगळ्यांबरोबर ओरडलो होतो, तिच्याच आड मी आलो असं सगळ्यांना वाटत होतं. आणि का, तर मला चेंडू पाच हातांतून फिरलेला बघायचा होता म्हणून.

गजा पुढची अनेक वर्षं माझ्या टीममध्ये खेळला. कायम झाला, बहिणींची लग्नं केली. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. पण चेंडू द्यायचा. दोघे अंगावर आले की तिसऱ्याला शोधायचा. ढाल आम्ही दोनदा आणली. हॉब्स साहेब विलायतेला गेला, मी रिटायर झालो, आणि बास्केटबॉलच्या कोर्टावर गोदाम उभं राहिलं.

यंदा पावसाळा संपताना गजा माझ्याकडे आला. जिना चढून आला तर दाराच्या चौकटीत मावेना. वाकून आत आला. डोकं पांढरं झालंय. मला माहीत नव्हतं, पण हल्ली तोही एका बँकेच्या टीमचा कोच आहे. बायकोने चहा दिला. इकडचं तिकडचं झालं आणि मग तो मुद्द्यावर आला. त्याच्या टीममध्ये एक पोरगा आहे, विलक्षण खेळतो आणि कोणाला चेंडू देत नाही. बाकीचे चौघे उभे राहून बघतात. समजावून झालं, रागावून झालं. फायनल तोंडावर आलीय. काय करू?

मी म्हटलं, "बसव बाकावर."

"लोक काय म्हणतील?"

"काहीही म्हणतील. मी तुला बसवला तेव्हा कमी म्हणाले का? मी तुला याचसाठी बसवला होता, गजा. तू पास देत नव्हतास. दुसरं काही कारण नव्हतं." आणि इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं मी त्याला सांगितलं. हॉब्स साहेबाने हात कसा हातात घेतला, नंतर केबिनमध्ये काय म्हणाला, मी काय म्हणालो आणि गप्प का राहिलो, सगळं. आता साहेब नाही, कोर्ट नाही, कोणाच्या नोकरीचा प्रश्न नाही.

गजाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवला आणि फार मायेने, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "मास्तर, मी केव्हाच मनातून काढून टाकलंय ते. तुमची नोकरी होती, तुमचा नाइलाज होता. आणि खरं सांगू, तुमचं बरं होतं. तुम्हाला साहेबाने सांगितलं होतं. मला सांगणारं कोणी नाही. मला या पोराला स्वतःच्या मनाने बसवायचंय, ते किती अवघड आहे तुम्हाला नाही कळायचं."

बायको आतून बघत होती. तिला वाटलं मी आता ओरडणार. मलाही तसंच वाटलं होतं.

मी विचारलं, "पोरगा चेंडू कुठल्या हाताने आपटतो?"

"डावखुरा आहे," गजा म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.